जागतिक धर्मांच्या अभ्यासक्रमात शीख धर्माला स्वतंत्र घटक हवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे मराठवाड्यातील महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू आहे. खुले वैकल्पिक विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली अशा शीर्षकांखाली दोन-चार श्रेयांकांचे नवे पेपर आखले जात आहेत आणि ‘जगातील प्रमुख धर्म’ किंवा ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ हा विषय त्यांत साहजिकच पुढे येतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचे नोकरीचे सारे आयुष्य गेले, अशा माझ्यासारख्याला याचा मनापासून आनंद आहे. या पेपरमध्ये शीख धर्माला स्वतंत्र आणि पूर्ण घटक मिळावा, इतर धर्मांना जेवढ्या तासिका दिल्या जातात तेवढ्याच त्यालाही द्याव्यात, एवढी एक मागणी अभ्यास मंडळांपुढे आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून ठेवावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी शिकवलेल्या आणि नंतर पाहिलेल्या बहुतेक अभ्यासपत्रिकांचा क्रम ठरलेला असे. वैदिक धर्म, जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम आणि कधीकधी पारशी. शीख धर्म त्यात नसे, आणि असलाच तर तो भक्ती चळवळीच्या घटकात शेवटच्या दोन ओळींत येई. परीक्षेत त्यावर ‘टीपा लिहा : गुरू नानक’ एवढाच प्रश्न पडण्याची शक्यता असल्यामुळे विद्यार्थी पाठ करीत तेही तेवढेच. इतिहासाच्या पेपरमध्ये शीख भेटत, पण औरंगजेबाशी झालेल्या संघर्षापुरते. परिणामी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात या धर्माचे चित्र म्हणजे एक संत आणि अनेक तलवारी. मधला सगळा विचार, ग्रंथ, संस्था आणि उपासना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

या वगळण्याचे समर्थन दोन प्रकारे केले जाते. अनुयायी थोडे आहेत, हे पहिले कारण. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात शीख धर्मीय सुमारे दोन कोटी आठ लाख होते. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका आणि अन्य देशांतील शीख त्यात मोजलेले नाहीत. जगभरातील ज्यू धर्मीयांची संख्या सुमारे दीड कोटी आहे आणि त्याच जनगणनेत भारतातील पारशी अवघे सत्तावन्न हजार होते. ज्यू आणि पारशी धर्म अभ्यासक्रमात आहेत ते योग्यच आहे, कारण धर्माचे महत्त्व डोकी मोजून ठरत नाही. पण मग संख्येचे कारण शीख धर्मालाच का लावायचे? दुसरे कारण असे की हा वेगळा धर्म नसून हिंदू धर्माचाच सुधारणावादी पंथ आहे. या प्रश्नावर पंजाबात दीर्घ वाद झाला. शीख विद्वान भाई काहनसिंग नाभा यांनी १८९८ मध्ये ‘हम हिंदू नहीं’ ही पुस्तिका लिहिली, ती त्याच वादाच्या ऐन भरात. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाचे पहिले स्पष्टीकरण कृपाण धारण करण्याला शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानते, तर दुसरे स्पष्टीकरण हिंदू धार्मिक संस्थांच्या संदर्भात शीख, जैन आणि बौद्धांचा समावेश ‘हिंदू’ या शब्दात करते. हा सगळा वाद विद्यार्थ्यांसमोर मांडण्याजोगा आहे, पण त्यासाठी आधी तो धर्म अभ्यासक्रमात असावा लागतो. जैन आणि बौद्ध याच स्पष्टीकरणात असूनही त्यांना स्वतंत्र घटक मिळतो, ही गोष्ट अभ्यास मंडळांनी लक्षात घ्यावी.

या उणिवेचे मूळ बरेच मागे जाते. विद्यापीठांत जगातील धर्म शिकवण्याची जी चौकट रूढ झाली, ती एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी घडवली. मॅक्स म्युलर यांच्या संपादनाखाली १८७९ ते १९१० या काळात पौर्वात्य धर्मग्रंथांच्या भाषांतरांचे पन्नास खंड प्रसिद्ध झाले. उपनिषदे, मनुस्मृती, धम्मपद, जैन सूत्रे, अवेस्ता, कुराण, चीनमधील कन्फ्यूशियस आणि ताओ परंपरेचे ग्रंथ, हे सारे त्यांत आले. शिखांचा मुख्य धर्मग्रंथ, म्हणजे आदी ग्रंथ (आजचा गुरू ग्रंथ साहिब), मात्र आला नाही. त्याआधी १८७७ मध्ये अर्न्स्ट ट्रम्प यांनी इंडिया ऑफिससाठी (भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधील सरकारी खात्यासाठी) केलेले आदी ग्रंथाचे अपुरे भाषांतर निघाले होते. त्यातील शेऱ्यांनी शीख समाज इतका दुखावला की मॅक्स आर्थर मेकॉलिफ या सनदी अधिकाऱ्याने नोकरी सोडून, ग्रंथींच्या, म्हणजे ग्रंथाचे पठण करणाऱ्या शीख जाणकारांच्या, मदतीने नव्याने काम केले आणि १९०९ मध्ये ऑक्सफर्डहून सहा खंड प्रसिद्ध केले. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांचा क्रम ठरून गेला होता. आपण आजही तोच क्रम गिरवत आहोत, आणि तोही अशा प्रदेशात, जिथे या धर्माच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक नांदेडला उभे आहे.

मराठवाड्यातील शिक्षकाला हा धर्म शिकवण्याची जी सोय आहे ती पंजाबबाहेर फार थोड्या ठिकाणी असेल. सुरुवात नामदेवांपासून करता येते. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. पंढरपूरचाही दावा आहे, तो बाजूला ठेवू. औंढा नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तिथून उठवले, ते मागच्या बाजूला जाऊन भजन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आमच्या भागातील प्रत्येक घराला माहीत आहे. मात्र हीच कथा गुरू ग्रंथ साहिबमध्ये खुद्द नामदेवांच्या नावावरील पदांत आहे, हे सांगितले की वर्गातील मुले चकित होतात. ‘फेरि दीआ देहुरा नामे कउ पंडीअन कउ पिछवारला’ ही ओळ राग मलारमधील आहे. दुसऱ्या एका पदात, भैरव रागात, देवळातून हाताला धरून उठवले गेल्याचे आणि शिंप्याच्या जातीत जन्म का दिला असे देवाला विचारल्याचे सांगितले आहे. अमृतसरपासून टोरांटोपर्यंत जिथे जिथे हा ग्रंथ उघडला जातो, तिथे औंढ्याच्या या कथेतील अपमान आणि त्याचे उत्तर शिरोधार्य मानून वाचले जाते. आपल्या विद्यार्थ्याला मात्र ते पदवीपर्यंत कोणी सांगत नाही.

गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये आदी ग्रंथाचे संकलन केले, भाई गुरदासांनी तो लिहिला, आणि त्यात गुरूंच्या वाणीबरोबर पंधरा भगतांची, म्हणजे संतांची, वाणी समाविष्ट झाली. कबीर आहेत, रविदास आहेत, जयदेव आहेत, बार्शीशी ज्यांचे नाव परंपरेने जोडले जाते ते त्रिलोचन आहेत, आणि शेख फरीद हे सूफीही आहेत. एका धर्माच्या मुख्य ग्रंथात त्या धर्माबाहेरच्या, आणि त्यातही समाजाने खालचे ठरवलेल्या जातींतील लोकांची वाणी गुरूंच्या वाणीइतक्याच आदराने असावी, याला जगातील धर्मग्रंथांत दुसरे उदाहरण शोधणे कठीण आहे. पुढे गुरू गोविंदसिंगजींनी आपले वडील गुरू तेगबहादूर यांची वाणी त्यात घातली. आजचा ग्रंथ १४३० पृष्ठांचा आहे, त्यांना ‘अंग’ म्हणतात, आणि त्याची मुख्य रचना विषयानुसार नसून एकतीस रागांनुसार आहे. तौलनिक धर्माध्ययन शिकवणाऱ्याला याहून चांगला पाठ कोणता मिळणार? ‘धर्मग्रंथ म्हणजे काय’ या प्रश्नाची आपण शिकवतो ती सगळी ठरीव उत्तरे या एका ग्रंथापाशी पुन्हा तपासावी लागतात. तो ग्रंथ आहे, गेय आहे, आणि अनुयायांच्या दृष्टीने तो प्रत्यक्ष गुरू आहे. पहाटे त्याचा प्रकाश होतो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडला जातो, रात्री त्याला विश्रांती दिली जाते, आणि दररोज त्यातून हुकूमनामा, म्हणजे त्या दिवसाचा आदेश मानले जाणारे पद, घेतला जातो.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. नामदेवांचा धागा मिळाला की आपल्याकडील वक्ते लगेच शीख धर्म म्हणजे वारकरी पंथाचीच उत्तरेकडील शाखा, असे बोलू लागतात. २०१५ मध्ये पंजाबातील घुमान या नामदेवांशी जोडलेल्या गावी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा दोन प्रदेशांतील स्नेह वाढला याचे मला अतिशय समाधान आहे. पण स्नेहाची जागा अभ्यासाने घ्यायची असेल तर फरकही तितक्याच नेटाने शिकवले पाहिजेत. वारकऱ्यांचे दैवत पंढरीला विटेवर उभे आहे. शीख उपासनेत मूर्तीला स्थान नाही आणि ग्रंथाच्या आरंभीच्या मूलमंत्रातील अकालमूरत, म्हणजे कालातीत, परमात्मा जन्माला येत नाही. नामदेवांच्या पदांत ‘बीठल’ हे नाव येते, पण ग्रंथाच्या संदर्भात त्याचा अर्थ कसा लावला जातो, हे विद्यार्थ्याने पाहिले पाहिजे. आपले कीर्तन निरूपणावर आणि आख्यानावर उभे असते, तर गुरुद्वारातील कीर्तन म्हणजे शबदांचे, अर्थात ग्रंथातील पदांचे, गायन. पंजाबातील पदांचे नामदेव आणि महाराष्ट्रातील नामदेव एकच का, असाही प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे आणि त्यावर मते आहेत. हे सारे वर्गात यावे. कोणत्याही धर्माला आपल्या अंगणात ओढून घेणे म्हणजे त्याचा अभ्यास करणे नव्हे.

विचारांच्या बाजूने पाहिले तर गुरू नानकांच्या जपुजी या एकाच रचनेवर तीन-चार तासिका सहज जातील. अडतीस पउड्यांच्या (कडव्यांच्या) या रचनेत हुकूम, म्हणजे सृष्टी चालवणारी ईश्वरी आज्ञा, आणि हउमै, म्हणजे माणसाला त्या आज्ञेपासून तोडणारा अहंभाव, या दोन कल्पनांभोवती सारी मांडणी आहे. शेवटी धर्म, ज्ञान, सरम, करम आणि सच या पाच खंडांतून साधकाचा प्रवास सांगितला आहे. नांदेडच्या गुरुद्वाराला सचखंड म्हणतात ते याच पाचव्या खंडावरून. संन्यास न घेता संसारात राहून, कष्ट करून, वाटून खाऊन मोक्ष साधायचा, हा आग्रह भारतीय तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने शंकराचार्यांच्या शेजारी ठेवून वाचावा. लंगर आणि पंगत ही त्या आग्रहाचीच संस्था झाली. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर साहिब येथे खालसा, म्हणजे दीक्षित शिखांचा पंथ, स्थापन झाला, तेव्हा दीक्षेसाठी प्रथम पुढे आलेल्या पंज प्याऱ्यांत (पाच प्रियजनांत) लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी आणि द्वारका इथल्यांबरोबर बिदरचे भाई साहिबसिंग होते. परंपरेनुसार ते नाभिक समाजातील. उदगीर-देगलूरच्या विद्यार्थ्याला बिदर किती जवळ आहे हे मी सांगायला नको.

तलवारीपुरते चित्र पुसायचे असेल तर १९२० ते १९२५ ची गुरुद्वारा सुधारणा चळवळ अवश्य शिकवावी. महंतांच्या ताब्यातून गुरुद्वारे सोडवण्यासाठी हजारो अकालींनी (या चळवळीतील शीख कार्यकर्त्यांनी) शांततेने मार आणि तुरुंगवास सोसला. फेब्रुवारी १९२१ मध्ये ननकाना साहिब येथे हत्याकांड झाले, १९२२ मध्ये गुरू का बाग येथे निःशस्त्र जथ्यांवर लाठ्या चालल्या आणि त्यांनी उलट हात उगारला नाही. सुवर्णमंदिराच्या तोशाखान्याच्या (खजिन्याच्या) चाव्या सरकारने जानेवारी १९२२ मध्ये परत केल्या, तेव्हा महात्मा गांधींनी स्वातंत्र्याची पहिली निर्णायक लढाई जिंकल्याबद्दल अभिनंदनाची तार पाठवली होती. फाळणीचे आणि १९८४ चे दुःखही टाळू नये. पदवीच्या विद्यार्थ्याला ते समजून घेण्याइतके वय असते.

नांदेडविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मुघल बादशहा बहादूरशहाच्या (औरंगजेबाच्या मुलाच्या) दक्षिणेकडील कूचाच्या काळात गुरू गोविंदसिंगजी गोदावरीकाठी आले. इथेच माधोदास बैराग्याची भेट झाली आणि तो बंदासिंग बहादूर होऊन पंजाबकडे निघाला. इथेच ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरुजींनी देह ठेवला, आणि त्यापूर्वी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला दिले. धर्माच्या इतिहासात अधिकार व्यक्तीकडून ग्रंथाकडे आणि पंथाकडे जाण्याचा प्रसंग इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवता येतो, आणि तो ज्या ठिकाणी घडला ते ठिकाण परभणीहून रेल्वेने एका सकाळी गाठता येते. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३० च्या दशकात उभी राहिली. गुरुद्वाराच्या व्यवस्थापनासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. हुजूर साहिबच्या, म्हणजे नांदेडच्या या गुरुद्वाराच्या, मर्यादेत (आचारपरंपरेत) गुरू ग्रंथ साहिबबरोबर गुरू गोविंदसिंगजींच्या नावावरील दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो, आणि होळी-दसऱ्याला ‘हल्ला’ ही शस्त्रधारी मिरवणूक निघते. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या रहत मर्यादेहून, म्हणजे शीख आचारसंहितेहून, इथल्या काही प्रथा वेगळ्या आहेत. एकाच धर्मात आचारांची विविधता कशी नांदते हे पुस्तकातून समजावणे अवघड जाते. नांदेडला ते डोळ्यांनी दिसते. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली, बाजारात आपल्याशी मराठीत बोलणारी दखनी शीख कुटुंबे आपल्या शेजारी आहेत. त्यांच्या मुलांनी आपल्याच महाविद्यालयात बसून जगातील सगळे धर्म शिकावेत आणि आपला धर्म त्या यादीत सापडू नये, हे मला लाजिरवाणे वाटते.

समाजशास्त्राच्या आणि आंबेडकरी विचाराच्या विद्यार्थ्यांना या घटकाची विशेष गरज आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला होता. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला उपस्थित होते. अखेर त्यांनी १९५६ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वीस वर्षांत त्यांच्यापुढे कोणते पर्याय होते, प्रत्येकाचे त्यांनी काय मूल्यमापन केले, हे शीख धर्म न शिकता कसे कळणार? अनुसूचित जातींच्या यादीतील लाभ १९५६ मध्ये सर्व शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाले, हा इतिहासही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. समतेची शिकवण देणाऱ्या धर्मातही मजहबी आणि रविदासिया या दलित समाजांना जातीचे चटके बसले, हे सांगताना शिक्षकाने कचरू नये. धर्माचा आदर ठेवूनही हे सांगता येते.

एका महाविद्यालयात मी हा घटक सुचवला तेव्हा सरकारी अनुदानावरील संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे उत्तर मिळाले. घटनेचा २८ वा अनुच्छेद पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षणाला मनाई करतो हे खरे आहे; पण धर्माविषयीचे शिक्षण म्हणजे धर्मशिक्षण नव्हे. नेमका हाच प्रश्न १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अमृतसरला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाला उत्तेजन देण्याची तरतूद होती आणि जालंधरच्या डी. ए. व्ही. कॉलेजने तिला आव्हान दिले होते. संत पुरुषाच्या विचारांचा विद्यापीठीय अभ्यास हे धर्मशिक्षण ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणातही धर्मांची ओळख करून देणाऱ्या शालेय अभ्यासक्रमाला न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले नाही. शिवाय ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांचे घटक शिकवताना जी अडचण येत नाही, ती शीख धर्माच्या वेळीच का यावी, याचे उत्तर मला मिळाले नाही.

खरी अडचण मराठीतील साहित्याची आणि तयार शिक्षकांची आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. ग्रामीण महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या एकट्या प्राध्यापकाकडून गुरुमुखी वाचण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण उपाय आवाक्यात आहेत. विद्यापीठाने जपुजीचा आणि नामदेवांच्या निवडक पदांचा देवनागरीतील मूळ पाठ, मराठी अर्थ आणि टिपांसह अभ्याससाहित्य म्हणून तयार करून घ्यावा. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील धर्माध्ययनाच्या अभ्यासकांची त्यासाठी मदत मागावी. शिक्षकांसाठी उन्हाळी सुटीत आठवडाभराचा वर्ग नांदेडलाच घ्यावा आणि त्यात इतिहास, संगीत आणि ग्रंथपठण या तिन्ही अंगांचे जाणकार बोलवावेत. विद्यार्थ्यांची नांदेडभेट सहलीच्या रूपात न होता नोंदवही आणि प्रश्नांसह अभ्यासभेट म्हणून व्हावी, तिला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असावेत, आणि त्यात लंगरची सेवा बंधनकारक नसावी, म्हणजे कोणाच्याही श्रद्धेवर दडपण येणार नाही. प्रश्नपत्रिकेत या घटकावर पर्यायी टीप न ठेवता एक पूर्ण दीर्घोत्तरी प्रश्न ठेवावा. गुण असले की घटक शिकवला जातो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

तत्त्वज्ञान, इतिहास आणि समाजशास्त्र या तिन्ही अभ्यास मंडळांच्या सदस्यांना माझी विनंती आहे की अभ्यासपत्रिका अंतिम होण्यापूर्वी या घटकाचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर घ्यावा. मसुदा तयार करण्याच्या कामी माझ्यासारख्या निवृत्तांचा उपयोग होणार असेल तर तो विनामोबदला करून घ्यावा.

आपला विश्वासू,
तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक, परभणी